वस्तूचा क्रमांक

रात्रपाळीला माझं काम एवढंच:
कानाला हेडफोन लावायचा, वस्तूचा क्रमांक विचारायचा,
कार्डावरचे सोळा आकडे टिपायचे
आणि म्हणायचं, छान निवड केलीत.

समोरच्या भिंतीवर आमचंच चॅनल, आवाज बंद.
गेनोर फुलपाखरू कापते आहे.
जाड कागद, लोखंडी साचा, दांड्याला एक फेरा,
फुलपाखरू.
काल फुलपाखरू, परवा फुलपाखरू,
ईस्टरला सशाच्या कानावर, नाताळात बर्फावर.
पीटरबरोत खरं फुलपाखरू मी शेवटचं कधी पाहिलं
आठवत नाही.
वर चमकी, खाली गोंद, मध्ये अभिनंदन.
कोपऱ्यात आकडा उतरत जातो: उरले फक्त चाळीस.
गोदामात किती आहेत ते मला माहीत आहे.

तीन वाजून दहा मिनिटांनी ग्रिम्सबीहून फोन.
एव्हिस मम्बी. वय न विचारताच सांगितलं, शहाऐंशी.
वस्तूचा क्रमांक?
क्रमांक नाही गं, तक्रार आहे.
सहा वर्षं बघतेय तुमचं दुकान.
झोप येत नाही, आणि कुणाचे तरी हात चालताना बरं वाटतं.
पण तुम्हाला कागदापलीकडे काही सुचतच नाही का?
नवं, अगदी नवं म्हणता, मी जागत बसते,
आणि मग ये रे माझ्या मागल्या,
तेच फुलपाखरू, या खेपेला जांभळं.
टोपली विणणारा एक माणूस नाही मिळत तुम्हाला?
अख्ख्या इंग्लंडात?

मी ठरलेलं बोलले: आपली सूचना पुढे पाठवते.
पुढे म्हणजे कुठे? तुझ्यापुढे तर भिंत असेल.
भिंतच होती.

ती जाळी विणायची. मासेमारीची.
गोदीमागच्या खोलीत अकरा जणी, पंधराव्या वर्षापासून.
डांबराचा वास, रविवारी चर्चमध्येसुद्धा
शेजारची बाई जरा सरकून बसायची.
आणि गाठ अशी, की उत्तर समुद्रानं ओढली
तरी गाठीनं जागा सोडायची नाही.
मग बोटी गेल्या.
बोटं राहिली, म्हणाली, त्यांचं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही.

अर्धाच तास दाखवा. पहाटे चारला दाखवा, कोण बघतंय?

मी विचारलं, टर उडवायला नव्हे, खरंच विचारलं,
त्याला सामान काय काय लागतं?
सुतळी. लाकडाची सुई, ती नवऱ्यानं कोरून दिली होती.
आणि अडकवायला दाराची कडी.
मग आम्ही विकायचं काय?

पलीकडे किटली उकळून टक्कन बंद झाली.
तेही खरंच, म्हणाली.
एकदा शिकलेली बाई पुन्हा फोन कशाला करेल.

माझ्या पडद्यावरचा दिवा लाल झाला होता:
चार मिनिटं, विक्री शून्य.
मी काही बोलले नव्हते. माझ्या श्वासावरून कळलं असेल तिला.
दे मग ते जांभळं फुलपाखरू एक.
यंत्र आहे का तुमच्याकडे?
नाही. तू लिही.
सोळा आकडे तिनं तोंडपाठ सांगितले.
मी म्हणाले, छान निवड केलीत,
आणि जीभ चावली.
भिंतीवर चाळीसचे एकोणचाळीस झाले.

दिवा हिरवा. आता थोडी सवड आहे ना तुला?
जवळ दोरा आहे?
नाही. हेडफोनची वायर आहे.
चालेल. डाव्या अंगठ्याखाली धर. मागून घे,
वरून नाही, मागून. आता फासातून. आता ओढ.
भिंतीवर गेनोर कार्डाला
कारखान्यातून बांधून आलेला रिबनीचा बो चिकटवत होती.

सरकली?
सरकली.
मग परत, म्हणाली एव्हिस मम्बी. घाई काय आहे.
डाव्या अंगठ्याखाली.